खालची कुस्ती

उभ्या कुस्तीत मी कधीच कुणाला आवडलो नाही.
उंची पाच फूट तीन, मान आखूड,
शड्डू ठोकला तर ओला टॉवेल आपटल्यासारखा आवाज.
पण एकदा खाली गेलो,
गुडघे फाकवून, कोपरं बरगड्यांशी मिटून, हनुवटी छातीत घालून,
की साखर पेठेच्या तालमीत मला उलटवणारा
एक मल्लिनाथ सोडला तर कुणी नव्हता.

लोकांना ते बघवत नसे.
गड्ड्याच्या दिवसांत फडावर आमची जोड लागली की
हलगीवाला काठी बगलेत धरून विडी पेटवायचा.
मागून कुणीतरी ओरडायचं,
"उठवा बे त्यांना, अंडी घालतायत का?"

अंबय्या वस्ताद तेवढे
हौदाच्या काठावर उकिडवे बसून
आमच्या पाठींकडे बघत राहायचे,
मागावरच्या ताण्याकडे बघावं तसं :
कुठला धागा आता तुटणार.
रात्रपाळी टॉवेलच्या कारखान्यात,
पहाटे चारला कानात खडखडाट घेऊन तालमीत.
हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं.
"वरचा ढकलेल तिकडं जाऊ नको.
ओढेल तिकडंबी जाऊ नको.
थांब. थांबला की जड होतोस बे!"

सवारी भरली की वरचा पायात पाय गुंतवतो
आणि तुमचा कणा पिळायच्या कपड्यासारखा लांबवत नेतो.
घिस्सा लागतो तेव्हा त्याचं मनगट मानेवरून घासत जातं, पुन्हा पुन्हा.
माझा डावा कान अजून वाळल्या अंजिरासारखा आहे.
नाकात माती, मातीत हळद, ताक, तेल,
आणि वरून वस्तादांचं एकच :
पाठ टेकू देऊ नको.

पकडीला ते पट्टु म्हणायचे.
त्यांच्या तेलुगूत रेशमालाही पट्टुच.
जन्मभर सूत विणलं,
रेशीम घरात आलं ते थोरलीच्या लग्नात, एकदाच, उधारीवर.

मागच्या चैत्रात त्यांची उजवी बाजू गेली.
जीभही गेली.
सिव्हिलमधून घरी आणलं, विडी घरकुलात,
पत्र्याखाली, बेचाळीस डिग्रीत.
नर्सनं कागदावर लिहून दिलेलं :
दर दोन तासांनी कूस बदला. पाठीला जखम होऊ देऊ नका.
नरसक्काची बोटं दिवसाला हजार विड्या वळतात,
पण हा माणूस तिच्यानं वळेना.

मी दोनला सात रस्त्यावरचं बॅटऱ्यांचं दुकान बंद करून जातो.
पहिल्या दिवशी खाटेशेजारी उभा राहून ओढायला लागलो
तर वस्ताद डोळ्यांनी शिव्या देऊ लागले.
जरा वेळानं ट्यूब पेटली.
उभ्यानं करत होतो.

चढलो खाटेवर, गुडघ्यांवर.
पलीकडचा निर्जीव पाय दुमडला.
उजव्या बगलेतून हात घालून फऱ्याखाली नेला, अर्धा हप्ता,
दुसरा हात कमरेला.
छाती छातीला टेकवली
आणि त्यांनी श्वास सोडायची वाट बघितली.
ऐंशी किलो
कुशीवर आले, आवाज न करता.

खाली अंथरलेल्या टॉवेलची वीण
पाठभर उमटली होती, लालसर,
त्यांच्याच कारखान्यातली, बहुतेक त्यांच्याच मागावरची.
मी खोबरेल चोळलं. नरसक्का दारात तोंड फिरवून उभी.

चौथ्या की पाचव्या दिवशी
मी त्यांना वळवत असताना
त्यांचा डावा हात हलला.
वाटलं, हात हातात घेतायत.
घशाशी काहीतरी आलं माझ्या.

त्यांनी माझ्या कोपरावर चापट मारली.
पुन्हा मारली, जोरात.

कोपर बाहेर राहिलं होतं.
मी आत घेतलं.